गिनतीतला चौथा

चौदा वर्षं माझ्या कमरेला जेलच्या किल्ल्या होत्या आणि त्या चौदा वर्षांत माझ्या ताब्यातून एकही कैदी पळाला नाही. हे मी आधीच सांगून टाकतो. पुढची हकीकत ऐकली की माणसं हसायला लागतात आणि मग हे वाक्य कुणी धड ऐकून घेत नाही.

आमचं जेल म्हणजे धुळ्याच्या तुरुंगासारखं मोठं प्रकरण नव्हतं. सातपुड्याच्या पायथ्याला आमचं तालुक्याचं गाव. तिथे मामलेदार कचेरी, कचेरीच्या मागच्या अंगाला दोन दगडी खोल्या, त्यांना गजांची दारं, पुढे भिंतीचं आवार, आवारात विहीर आणि एक कडुनिंब. महिनाभरापर्यंतच्या शिक्षेची माणसं आमच्याकडे राहत. त्याहून मोठी शिक्षा झाली की दोन शिपाई सोबत देऊन धुळ्याला रवानगी. मी तिथला हवालदार. सारंगखेड्याच्या बाजूला तापीकाठी आमची शेती, भाऊ शेती करायचे, मी मात्र खाकी कपड्याच्या हौसेनं पोलिसात शिरलो होतो. ती हौस शेवटपर्यंत फिटली नाही. रोज सकाळी पट्ट्याचं पितळ घासल्याशिवाय मी चहा घेत नसे, आणि त्यावरून बायको मला टोमणे मारायची.

कैदी बहुतेक डोंगरातले. गुन्हे सगळे जंगलाचे. कुणी घराच्या खांबासाठी साग तोडला, कुणी राखीव रानात गुरं घातली, कुणी शेतासाठी रान पेटवलं. त्यांच्या आज्याच्या काळापासून ते हेच करत आले होते, मधे सरकारनं त्याला गुन्हा म्हणायला सुरुवात केली. जेल ही वस्तूच त्यांच्याकडे नव्हती. म्हातारी माणसं मला सांगायची, डोंगरात कुणी चुकला तर पंच बसायचे, चुकलेल्यानं बोकड द्यायचा, मोहाची दारू द्यायची, सगळ्यांनी एकत्र बसून खायचं प्यायचं की मिटलं. दंड असला तरी तो एकट्या माणसावर नसे, घरावर असे. बोकड कुणाच्या गोठ्यातून आला, हे कोण विचारतो? माणसाला कोंडून ठेवून कुणाचं काय भलं होतं, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. खरं सांगायचं तर मलाही कुणी नीट समजावून सांगितलं नव्हतं.

पण एकदा बोलावणं आलं की ही माणसं यायची. दोन दोन दिवस चालत डोंगर उतरून यायची आणि कचेरीच्या पायरीवर बसून राहायची. एकदा तर एक जण शिक्षेच्या आदल्या दिवशीच येऊन बसला. मी म्हटलं, उद्या ये. तो म्हणाला, उद्यासाठी पुन्हा कुठे चढून जाऊ, आजच घे. मला ते जमादार म्हणत, तरी मला, मामलेदाराला, कलेक्टरला, सगळ्यांना अरे-तुरेच करत. नवे शिपाई त्यावर चिडायचे. मीही पहिली दोन वर्षं चिडलो.

ही गोष्ट तिसाच्या सालाच्या जरा आधीची. होळीला पंधरा दिवस उरले असतील तेव्हा धडगावच्या वरच्या अंगाचा एक जण साग तोडल्याबद्दल महिनाभरासाठी आमच्याकडे आला. तिशीचा, काटक, कमी बोलणारा. आत चार जण आधीचे होते, पाचवा हा. गिनतीत उभा राहायचा मात्र चौथा, कारण शेवटी उभं राहायला त्याला आवडत नसे. आठ दिवस सरळ गेले. नवव्या दिवशी त्यानं भाकरी परत केली.

भाकरी माझ्या घरून यायची. कचेरीनं धान्य द्यायचं, माझ्या बायकोनं थापायची, अशी पद्धत पडली होती. तिची भाकरी परत आली म्हटल्यावर घरात काय झालं असेल ते सांगायला नको. मी गजांशी जाऊन त्याच्यावर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला की आजपासून त्याची पाळणी लागली. होळीला तो बावा होणार होता.

आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी सांगतो. डोंगरात होळीचा नवस बोलतात. नवस बोलणारा बावा होतो. होळीच्या आधीचे काही दिवस त्यानं पाळायचे असतात. अंघोळ नाही, खाटेवर बसणं नाही, पायात वहाण नाही, बाईच्या हातचं खायचं नाही, आपलं आपण रांधायचं. मग होळीला अंगभर राखेचे पट्टे ओढून, डोक्याला मोरपिसांचा उंच टोप घालून, कमरेला घुंगरं आणि वाळके दुधी भोपळे बांधून नाचायचं. याची पोरगी दोन वर्षांची असताना मरता मरता वाचली होती. तेव्हा यानं पाच होळ्या बोलल्या होत्या. चार झाल्या होत्या. ही पाचवी.

मी त्याला पीठ दिलं आणि आवारात तीन दगड मांडून दिले. कायद्यात ते बसत होतं की नाही, मी पाहिलं नाही. बायको म्हणाली, "आसं व्हई तं ठीक शे, मन्हा हातले नाव नको ठेवाले पाहिजे." तिची समजूत पटली आणि माझीही. होळी गजाआड कशी करणार, हे मी त्याला विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. इथेच मला शंका यायला हवी होती.

होळीच्या आधी आमच्या गावात भोंगऱ्या बाजार भरतो. त्या दिवशी डोंगर रिकामा होतो आणि गाव भरतं. ढोल, बासऱ्या, गूळ, डाळ्या, रंगीत लुगडी, नाचणारी माणसं. कचेरीच्या भिंतीपर्यंत गर्दी. माझे पाच कैदी आवारात विहिरीचं पाणी काढून कचेरीचे हौद भरत होते. फाटक उघडं होतं, कारण पखालवाल्याचा बैल आत-बाहेर करत होता. फाटकाशी मी स्वतः उभा होतो. नातेवाईक येऊन भिंतीशी बसले होते, भोंगऱ्याच्या दिवशी मी तेवढं चालू देत असे. संध्याकाळी गिनती घेतली. एक, दोन, तीन, चार, पाच. कुलूप लावलं आणि घरी गेलो. त्या दिवशी मी खूष होतो. एवढ्या गर्दीत माझं जेल चोख होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या वाटल्या. चौथ्यानं भाकरी घेतली, खाल्ली आणि आणखी एक मागितली. मी दिली. मी चार पावलं चाललो आणि थांबलो. तेवढ्यात तो विहिरीवर गेला आणि डोक्यावरून घडा ओतून घेऊन मजेत अंग चोळू लागला.

ज्याला बाईच्या हातचं चालत नव्हतं, तो माझ्या बायकोच्या हातच्या दोन भाकऱ्या खाऊन अंघोळ करत होता.

मी जवळ जाऊन पाहिलं. तोच बांधा, तेच केस, तोच कांबळा. पण रजिस्टरात माझ्या कैद्याची खूण लिहिलेली होती, डाव्या पायाची करंगळी नाही. या माणसाच्या डाव्या पायाला पाचही बोटं होती आणि त्यांवरून पाणी ओघळत होतं.

"तू कोन?" मी विचारलं.

"मी मोठा," तो म्हणाला.

"धाकला कोठे शे?"

"घर गया. होळीले."

"कोनी सोडं त्याले?"

"कोनी नही. तो उठना, मी बठनू. तू मोजात. पाच भरनात."

कैदी हलगर्जीनं निसटला तर त्याच्या जागी हवालदारालाच गजाआड जावं लागतं, हे मला भरती झाल्या दिवसापासून पाठ होतं. नोकरी तर गेलीच. आणि या माणसाच्या चेहऱ्यावर चोरी केल्याची काही खूण नाही! उलट घरातलं राहिलेलं एक काम उरकल्यासारखा तो निवांत. मी छडी उगारली. तसा त्यानं पाठ माझ्याकडे केली आणि वाकला.

"मार," तो म्हणाला. "त्याना वाटाना मार बी मीच खासू."

ती छडी मला खाली आणता आली नाही. मी तिथेच विहिरीच्या काठावर बसलो. मग त्यानंच मला समजावलं. बाजारात बोलतात तशा मोडक्या अहिराणीत, हळूहळू, मी जरा मंद असल्यासारखं. "नवस त्याना शे. तो त्यालेच फेडना पडस, दुसराले चालस नही. जेल घरनी शे. घरमाथीन कोनी बी बठस." आणि मग म्हणाला, "पाचवा दिन तो यी. दिन बुडाना पहिले यी."

मी पुष्कळ शिव्या दिल्या. त्यानं सगळ्या ऐकून घेतल्या. त्याही त्याच्या भावाच्या वाट्याच्याच असाव्यात.

आता करायचं काय? शिपाई डोंगरात धाडले तर ते त्याला ऐन होळीतून ओढून आणणार. पाचवी होळी मोडणार, त्याची शिक्षा वाढणार, मोठ्यावर वेगळा खटला होणार, आणि एवढं होऊनही मी सुटणार नव्हतो. गप्प राहिलो आणि तो आला नाही, तर मी चोरही आणि खोटाही. दुपारी जेवताना बायकोला सांगितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली.

"तुमले ताप उनाथा तव्हय नवस कोनी करा व्हता?" तिनं विचारलं. "मी करा. आन चालत मीच गयू. तुमना भाऊले धाडा का मी?"

"नवस येगळा, कायदा येगळा," मी म्हणालो.

"मंग त्या कायदाले सांगा, पाच दिन थांब."

असल्या बाईपुढे हवालदाराचं काय चालणार? मी थांबलो. पण ते पाच दिवस माझे मला ठाऊक. रोज गिनतीत चौथ्याशी आलो की तो आकडा मी जरा मोठ्यानंच म्हणायचो. शिपायांना सुगावा लागू नये म्हणून मी त्या माणसाला त्याच्या भावाच्या नावानं हाक मारायचो आणि तो इमानानं ओ द्यायचा. कामाला मात्र वाघ होता. धाकट्यानं भरले नसते एवढे हौद त्यानं भरले, आवार झाडून आरशासारखं केलं. मी विचारलं, एवढं कशाला राबतोस? तर म्हणाला, घराचं नाव आहे.

पाचव्या दिवशी दुपारी मामलेदारसाहेब तपासणीला आले. तपासणी पुढच्या आठवड्यात होती, पण त्यांना दौऱ्यावर जायचं होतं म्हणून त्यांनी आजच उरकायचं ठरवलं. माणूस नवा, पुण्याकडे शिकलेला, नाकासमोर चालणारा. त्यांनी रजिस्टर मागितलं आणि एकेकाचं नाव वाचून खूण पडताळायला सुरुवात केली. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्याचं नाव वाचलं. मोठा म्हणाला, "हाजर."

"डाव्या पायाची करंगळी नाही," साहेबांनी वाचलं आणि खाली पाहिलं.

खोटं बोलायला जागा होती, हे आता कबूल करतो. लिहिणाऱ्या कारकुनाची चूक म्हणून खपवता आलं असतं. डोंगरातल्या माणसाच्या पायाची खूण कोण एवढी लक्षात ठेवतो? मोठ्यानं माझ्याकडे पाहिलं. पाच दिवस तो माझ्या भरवशावर आणि मी त्याच्या भरवशावर होतो. अशा माणसाला कारकुनाची चूक कसं म्हणायचं?

"साहेब, हा तो नव्हे," मी म्हणालो. "हा त्याचा मोठा भाऊ. तो होळीच्या नवसाला गेलाय."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. "गेलाय म्हणजे? पळालाय म्हणा."

"पळाला नाही साहेब. आज दिवस मावळायच्या आत येणार आहे."

"कशावरून?"

"या भावावरून."

"आणि नाही आला तर, हवालदार?"

"तर मी बसतो, साहेब."

हे शब्द माझ्या तोंडून कसे गेले, मला कळलं नाही. मी सरकारचा माणूस, कायदा पाठ असलेला. आणि मी डोंगरातल्या माणसासारखा बोलून बसलो होतो.

"असं बसता येत नाही," साहेब म्हणाले. "शिक्षा ज्याची त्याची असते."

"हो साहेब," मी म्हणालो. पण मागे घेतलं नाही.

त्यांनी कडुनिंबाखाली खुर्ची टाकायला सांगितली. शिपाई डोंगरात पिटाळता आले असते, धुळ्याला तार करता आली असती. त्यांनी केलं नाही, याबद्दल मी त्यांना जन्मभर मानलं. ते कागद वाचत बसले आणि मधूनमधून खिशातलं घड्याळ काढून बघत राहिले. मी फाटकात उभा. बायको भिंतीपलीकडे उभी होती, तिचा पदर दिसत होता. सावल्या विहिरीपर्यंत आल्या, मग विहिरीपलीकडे गेल्या. मोठा एकटाच निश्चिंत होता. तो चक्क डुलकी काढत होता.

सूर्य भिंतीला टेकला तेव्हा बाजाराच्या बाजूनं घुंगरं वाजली.

आधी मला वाटलं, कुणी होळीवाले मागायला फिरताहेत. पण आवाज नाचाचा नव्हता, चालीचा होता. घाईच्या चालीचा. तो कचेरीच्या रस्त्यानं आला आणि त्याच्यामागे गावातली माणसं जमत गेली. अंगावर राखेचे पट्टे घामानं फरफटलेले, टोपाची निम्मी पिसं वाटेत गळालेली, कमरेला घुंगरं आणि भोपळे तसेच बांधलेले. नवस फिटल्यावर अंघोळ करायची, टोप उतरवायचा, घरच्यांत बसून खायचं, हे सगळं मागे टाकून तो निघाला होता. तसं केलं असतं तर दिवस बुडाला असता. पायांना रक्त आलं होतं. डाव्या पायाला चार बोटं.

साहेबांकडे त्यानं पाहिलंही नाही. माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "जमादार, उघड."

मी दार उघडलं. मोठा उठला, कांबळा झटकून त्याच्या हातात दिला आणि बाहेर आला. जाता जाता त्यानं भावाच्या डोक्यावरचा टोप उतरवून घेतला, कारण तो घेऊन गजांच्या दारातून आत जाता येत नव्हतं.

माझ्या छातीत काय झालं ते मला लपवायचं नाही. मला अभिमान वाटला. किल्ल्यांचा नव्हे, कुलपाचा तर नव्हेच. जगात एवढे मोठमोठे तुरुंग आहेत, त्यांच्या भिंती एवढ्या उंच, त्यांच्यावर बंदुका घेऊन शिपाई उभे. त्यांतला एकही असा नसेल, की ज्याच्या दारात कैदी रक्ताळल्या पायांनी धावत येऊन म्हणतो, उघड. माझा होता. माझ्या दोन खोल्यांचा होता.

साहेबांना जे लिहायचं ते लिहावंच लागलं. त्यांनी मोठ्याला ताकीद देऊन सोडलं. धाकट्यानं गैरहजेरीचे दिवस पुन्हा भरायचे ठरले. ते त्याला मुळीच पटलं नाही, भावानं भरलेले दिवस कुठे गेले असं तो विचारत राहिला. मी म्हटलं, ते सरकारला विचार. माझ्याबद्दल साहेबांनी जेवढं मऊ लिहिता येईल तेवढं लिहिलं असावं, कारण नोकरी राहिली. पण हुकूम आला. माझ्या दंडावरच्या तीन पट्ट्यांतली एक उतरवली.

पट्टी बायकोनंच उसवली, उंबऱ्यात बसून. खाकीचा बाकीचा रंग उडाला होता, पट्टीखालचा मात्र नव्यासारखा गडद होता, त्यामुळे ती पट्टी गेल्याचं लांबूनही दिसायचं. ती म्हणाली, बाही बदलून देते. मी म्हटलं, नको. गावातले काही जण हसले, त्यांना हसू दिलं. पुढे बेचाळीस साली त्याच दोन खोल्यांत वकील आणि मास्तर येऊन बसले आणि बाहेर पडताना लोकांनी त्यांना हार घातले. तेव्हापासून आमच्याकडे जेलात जाऊन येणं मानाचं झालं. मी मनात म्हणायचो, हे तुम्हाला आत्ता कळतंय.

हुकूम आला त्याच आठवड्यात धाकट्याची शिक्षा संपली. सकाळी मी त्याला बाहेर काढलं. त्याची नजर माझ्या दंडावर गेली आणि तिथेच राहिली.

"जमादार, तुन्हा हातवरनं काय काढं?"

"पट्टी."

"मन्हामुये?"

तो कांबळा खांद्यावरून खाली ठेवून पुन्हा दाराकडे वळला.

"तिन्हा बदला मी बठस," तो म्हणाला. "कितला दिन, सांग."

मी दार ओढून घेतलं. "नही," मी म्हणालो. "ही मन्ही शे. ही कोनले देवानी नही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मामलेदारसाहेबांना मी आयुष्यभर सांगत बसलो असतो तरी जे कळलं नसतं, ते त्याला लगेच कळलं.